मशालीचं झाड

सोयराबाईंनी पदर खोचला आणि कोयत्याचा पहिला घाव घातला. माणसाहून उंच दांडा कडकन मोडून कुंपणावर पडला. बिचाऱ्या झाडाचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो नवऱ्याच्या, विठोजींच्या, जिभेचा.

एक्याण्णव साली हर्षितानं परजातीत लग्न केलं, तेव्हा बापानं येलहंक्याच्या याच अंगणात चारचौघांत सांगितलं होतं, "या झाडाला फूल येईल त्या दिवशी तिला उंबरा मोकळा." झाड सिंगापूरहून आलेलं. मशालीसारखं लाल फूल येतं म्हणे, तेही थेट बुंध्याशी, जमिनीतून. पण नर्सरीवाल्यानं आधीच सांगून टाकलं होतं, बेंगळुरूच्या थंडीत पानं येतील, फूल नाही. म्हणजे लेक कधीच नाही! विठोजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिकडे नातू शाळेत जायला लागला, तरी ती पुसली नाही.

आणि वर झाडाचं कौतुक केवढं! डिसेंबर लागला की त्याला गोणपाट, बुंध्याशी उबेला पेंढा. पोटची पोर बाहेर आणि परक्या झाडाला पांघरूण. सोयराबाईंचा जीव तिळतिळ तुटायचा.

आज सकाळी विठोजी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरला लग्नाला निघाले, ते उघड्या डोक्यानं.

"अहो, टोपी कुठंय? गारठा बघा की केवढा!"

"हरवली," ते म्हणाले आणि उगाच हसले. "झाडाकडे स्वल्प लक्ष ठेव हं."

सोयराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडच नसलं, तर शब्द कुठला?

शेवटचा दांडा पडला. बुंध्याशी खोलवर घाव घालताना कोयत्याला लोकर अडकली. त्यांनी पेंढा उपसला. विठोजींची माकडटोपी! टोपीत मुठीएवढी कळी होती. लालबुंद, देठातून तुटलेली. सोयराबाईंनी ती ओंजळीत घेतली.

दुपारी विठोजी परतले, तेव्हा त्या तिथंच होत्या.

"कळी आली हे मला सांगायचं नाही?" त्या हुंदके देत म्हणाल्या.

"दृष्ट लागेल म्हणून भ्यालो. उमलली की हर्षीलाच आणून दाखवणार होतो."

विठोजींनी टोपी उचलली, झटकली. डोक्यावर मात्र घातली नाही.

"शब्द तोंडातून गेला होता, सोयरे. इतकी वर्षं मी या झाडाकडून हरायचीच वाट बघत होतो."