आतली कडी

सुतारानं स्वतःच्या लेकीच्या खोलीची कडी तिसऱ्यांदा उखडली, तेव्हा त्याच्या बायकोनं बापलेकींना मानसोपचारतज्ज्ञांसमोर नेऊन बसवलं.

“हे गावभर दारांना कड्या बसवतात, आणि आमच्या घरात बाथरूमलासुद्धा कडी नाही! पोरगी मोठी झालीये आता,” ती कडाडली.

“आतून लावलेली कडी बाहेरून उघडत नाही,” तो पुटपुटला.

“कुठली उघडली नव्हती?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

तो तळहातावरचे घट्टे चोळू लागला. “नऊ वर्षांचा होतो. आई आत होती. मी हाका मारत होतो.”

सतरा वर्षांच्या संसारात बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती.

रविवारी त्यानं स्वतःच कडी बसवली आणि दाराबाहेर उभा राहिला. लेकीनं ती आतून लावली, आणि पुन्हा उघडेपर्यंत मोठमोठ्यानं, बेसूर गात राहिली.