मागून आलेली सावली

अकरा वर्षांनी ताईला भेटायला मी एकटीच गाडी घेऊन निघाले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला सरहद्दीवरच्या आपल्या बाजूच्या चौकीतून सुटले आणि जीव भांड्यात पडला.

पलीकडच्या चौकीवरच्या अधिकाऱ्याने मात्र पासपोर्टला हातही लावला नाही. तो वाकून गाडीखाली बघत राहिला.

"मॅडम, गाडी बाजूला घ्या. तुमची सावली यायचीय अजून."

चेष्टा करतोय म्हणून मी फणकाऱ्याने खाली उतरले. उन्हात त्याची लांब सावली पडली होती. फाटकाची, खुर्चीची, टेबलावरच्या ग्लासाचीही पडली होती. माझ्या गाडीखाली आणि माझ्या पायाशी नुसतं ऊन होतं.

"होतो कधीकधी उशीर," तो समजुतीने म्हणाला. "पण तिच्याशिवाय पुढे सोडता येत नाही."

दोन चौक्यांमध्ये मिठाचं पांढरंशुभ्र मैदान पसरलं होतं. त्यावरून गाडीच्या आकाराची सावली एकटीच येत होती. वर गाडी नव्हती. खड्डा आला की माझ्यासारखीच डावीकडून वळसा घेत होती. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

फाटकाशी ती थांबली. सावलीचं दार उघडलं आणि माझ्याच बांध्याची सावली जमिनीवर उतरली.

मी हात हलवला. तिने हलवला नाही.

अधिकाऱ्याने टोपी काढली आणि अदबीने तिच्यापुढे वाकत माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "या बाई तुमच्याच ना?"

सावलीने मान तिरकी केली आणि ती मला पायांपासून वर निरखायला लागली.