आक्तोश हलेना

आक्तोश जागचा हलेना. गळ्यात बाळाचं पहिलं अंगडं, अंगड्यात गोड गोळ्या नि कणकेचे तळलेले बोरसोक बांधलेले, मागे गावभरची पोरं पळायच्या तयारीत. आणि हे कुत्र्याचं पिल्लू अंगणाच्या मधोमध बसलेलं, नव्या जावयासारखं.

आज कालिपाच्या नातीची चाळिशी, जन्माला चाळीस दिवस पुरे. अंगडं घेऊन कुत्र्याने पळायचं, पोरांनी त्याला गाठून खाऊ लुटायचा, म्हणजे लेकरू कुत्र्यासारखं चिवट निघतं. कुत्रं पळालंच नाही, असं कालिपाच्या हयातीत घडलं नव्हतं.

आणि बोल लावायचा कुणाला? शिस्तीचा हट्ट तिचाच. हिवाळ्यात व्याही आले, तेव्हा आक्तोशने अंगावर उडी मारून त्यांची पांढरी लोकरी नमद्याची टोपी पळवली आणि थेट शेणात लोळवली. व्याह्यांची टोपी म्हणजे व्याह्यांची अब्रू. पुन्हा असं झालं तर कुत्रं वर कुरणात मेंढपाळांकडे जाईल, असं कालिपाने सुनेला बजावलं. अनाराचा त्या पिल्लावर भारी जीव. तिने पोट सांभाळत त्याला शिकवलं, की पाहुणा आला की बसायचं. जेवणं होऊन आशीर्वाद झाला, सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले, की मोकळं, मग हाडूक.

पोरांनी शिट्ट्या मारल्या, ढकलून पाहिलं. आक्तोशने फक्त शेपटीचं टोक हलवलं.

"ते तुझ्या आशीर्वादाची वाट बघतंय गं," शेजारची झुरा म्हणाली.

सगळ्या माना कालिपाकडे वळल्या. कालिपाचा आशीर्वाद लागतो, अशी तिची ख्याती. लोक नवी वासरं आणत, जुन्या मोटारीसुद्धा. या तिसऱ्या नातीला तिने न्हाऊमाखू घातलं, रात्ररात्र जोजवलं, पण आशीर्वादाचं नाव काढलं नाही. तो नातवासाठी राखून ठेवला होता, आणि हे अनारासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

पिल्लू टक लावून तिच्या हातांकडे बघत होतं. अनाराच्या कुशीत नातीने भलीमोठी जांभई दिली. कालिपाला हसू आलं, आणि आतलं काहीतरी सैल झालं. तिने तळवे वर केले.

"पोरी, उदंड आयुष्याची हो. पायाने हलकी, घोड्यावर पक्की हो. तुझ्या दारचे पाहुणे कधी तुटू नयेत."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि तळवे तोंडावरून उतरले.

आक्तोश सुटला तो जर्दाळूच्या झाडांतून, पाटावरून, थेट रस्त्याला. मागे पोरांचा लोंढा. कालिपा फाटकापर्यंत धावली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

थोड्या वेळाने अंगड्याच्या चिंध्या मिरवत तो परतला, पाहुणे दिसताच पुन्हा बसला. कालिपाने हसत त्याला मोकळा करायला पुन्हा हात वर केले. तेवढ्यात, नातीला खांद्यावर घेतलेल्या अनाराने मोकळ्या हाताने चुटकी वाजवली. आक्तोश टुणकन उठून तिच्या पायाशी गेला.

कालिपाचे हात वरच राहिले. "हे चुटकीनेही उठतं होय? मग मघाशी का नाही वाजवलीस?"

"मघाशी हातात तुमची नात होती, आई."

कालिपाने सुनेच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. मग वर धरलेले हात तसेच पुढे केले.

"आण तिला इकडे," ती हळूच म्हणाली. "आणि त्या झुरासमोर पुन्हा चुटकी वाजवू नकोस."