पॅकिंगमधला लॅपटॉप

म्हात्रेंचा लॅपटॉप पुन्हा खाली पॅकिंगमध्ये दिसत होता. रसिकाने आपली स्क्रीन मॅनेजर जितेंद्रसरांकडे वळवली.

"सकाळपासून तिथेच?" त्यांनी विचारलं.

"चहा झाल्यापासून."

भाईंदर पूर्वेच्या त्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात २००७ च्या दिवाळीनंतर वायरलेस नेटवर्क आलं. मजल्यामजल्यावर छताला सिग्नलची पांढरी खोकी लागली आणि टेबलांखालचं वायरींचं जंजाळ गेलं. कोणता लॅपटॉप कुठल्या खोक्याला जोडलाय ते रसिकाला जागेवरून दिसायचं. कुणाचा कुठे चालेल, कुठे नाही, हेही तीच ठरवायची. मागे लागून हे सगळं तिनेच करून घेतलं होतं. "आता कुठेही बसा, काम करा," असं ती सगळ्यांना सांगत फिरली होती.

हरिश्चंद्र म्हात्रेंनी ते फारच मनावर घेतलं.

म्हात्रे जवळच्याच मोरवा गावचे. डिस्पॅचचे कारकून, निवृत्तीला आलेले. मुंबईतलं ऑफिस कारखान्याच्या वरच्या मजल्यावर हललं तेव्हा बाकी सगळे नवे आणि हे एकटेच इथले जुने. कामात चूक सापडायची नाही. पण हल्ली वरच्या खुर्चीत ते क्वचितच दिसत. खाली पॅकिंगच्या टेबलाशी बसत, तेही रोज एकाच बाईशेजारी. वर कुजबुज सुरू झाली होती.

"या वयात शोभतं का हे?" जितेंद्रसर म्हणाले. "त्यांचा लॅपटॉप फक्त वरच्या मजल्यावर चालेल असं करून टाक."

एक क्लिक केलं की झालं असतं. पण वायर काढून दिलेल्या माणसाला आता दावं बांधायचं, हे रसिकाच्या जिवावर आलं.

"सर, आधी एकदा बोलूया त्यांच्याशी. परस्पर नको."

दोघं खाली उतरले. लांबलचक टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याच्या एका पेटीवर म्हात्रेंचा लॅपटॉप होता. शेजारी विमलाबाई डबे कागदात गुंडाळत होत्या. हातातलं काम न थांबवता त्यांनी म्हात्रेंच्या बाहीला चिकटलेला सुतळीचा धागा काढून टाकला. आजूबाजूच्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

जितेंद्रसरांनी आवाज खाली आणला. "म्हात्रे, तुम्ही दोघं संसारी माणसं. वर लोक बोलतायत. उद्या हे घरी कळलं तर?"

म्हात्रे गोंधळून विमलाबाईंकडे बघायला लागले. विमलाबाईंनी हातातला डबा टेबलावर ठेवला.

"घरी कोनाला कळनार, साहेब? घरी मीच हाय."

आता मात्र सगळ्या माना वर झाल्या. बायका हसत सुटल्या. रसिकालाही हसू आवरेना.

म्हात्रे ओशाळून म्हणाले, "लग्न झाल्यापासून दोघंही इथेच आहोत, सर. मी वर, ही खाली. एका गेटातून आत यायचं आणि सुट्टी होईपर्यंत एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. या मॅडमनी सांगितलं, कुठेही बसा. म्हणून इथे बसलो. चुकलं असेल तर जातो वर."

ते लॅपटॉप मिटायला लागले.

"असू द्या, असू द्या," जितेंद्रसर घाईने म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. क्षणभर ते छताकडे बघत उभे राहिले. मग रसिकाकडे वळले.

"रसिका, या कोपऱ्यात सिग्नल कमी येत असेल. इथे अजून एक खोकं लावून दे."