उचलण्याइतकं बळ

अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या नेमिनाथांना खुर्चीत बसवताना ते त्यांच्या बायकोच्या, गुणमालाच्या हातून निसटले आणि फरशीवर आपटले. मुलगा पुण्यात नोकरीला. शेजारचे येईपर्यंत पाऊण तास ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. ती त्रेसष्ट वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी, त्यांना व्यायाम द्यायला येणाऱ्या कीर्तीला ती म्हणाली, "मला बळ यील असं कायतरी शिकीव गं." कीर्तीनं डंबेल्स आणून दिले. रोज सकाळी पदर खोचून गुणमाला ते उचलायची, हात न टेकता खुर्चीवरून वीस वेळा उठायची. नेमिनाथ खाटेवरून बघायचे. "कुंडलच्या कुस्तीच्या मैदानात उतरतीस काय?" म्हणून हसायचे. पाचव्या महिन्यात तिनं त्यांना एकटीनं उचलून खुर्चीत बसवलं. "बघा, जमलं का न्हाई!" ती धापा टाकत म्हणाली. पण काखेत धरताना त्यांच्या बरगड्या तिच्या बोटांना एकेक लागल्या होत्या. "आवं, एवढं कशानं वाळलायसा?" ते म्हणाले, "तुझी कंबर मोडंल म्हणून भ्या वाटायचं. पोट भरलं म्हणत रोज अर्धी भाकरी ताटात ठेवत गेलो. तेवढाच तुला भार कमी." दिवस मावळायच्या आत तिनं अख्खी भाकरी दुधात कुस्करली आणि घास त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं, गिळायचा प्रयत्न केला. दूध हनुवटीवरून ओघळलं. "आता घास खाली जातच न्हाई गं," ते म्हणाले.