नमुना

ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून दीप्ती बाहेर आली. बर्फाचा डबा तिनं छातीशी धरला होता. अश्विननं वाट अडवली.

"काय आहे यात?"

"नमुना. दहा मिनिटांत लॅबमध्ये गोठवायचाय. जाऊ द्या मला."

"माह्या भावाचा गाल कापून डब्यात नेऊन राहिले, अन् मले नमुना सांगता?"

त्याचा भाऊ रविंद्र आत टेबलावर होता. डावा गाल, अर्धा जबडा काढून झाला होता, टाके बाकी होते. तोंडाच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या दीप्तीला थांबायला सवड नव्हती. तरी ती थांबली.

"तुमच्या भावानंच सही करून संमती दिलीय. ऐका. पेशीत निरोपाच्या चिठ्ठ्या फिरतात, आरएनए म्हणतात त्यांना. काम झालं की पेशी त्या फाडून टाकते. पण काही चिठ्ठ्यांवर बारीक रासायनिक खूण चढते. मग पेशी त्या फाडत नाही, वाचतच राहते. गाठ वाढत जाते. त्या खुणा शोधतो आम्ही."

"मंग माहा भाऊ वाचते का त्यानं?"

दीप्तीला खोटं बोलवेना. "ते नाही सांगता येत. पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल."

थप्पड एवढ्या जोरात बसली की तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. डबा पडला, झाकण उडालं, छोटी नळी फरशीवर गडगडत गेली. दीप्ती गुडघ्यांवर तिच्यामागे सरकली, हात लांबवला. कोराडीच्या वीजकेंद्रातल्या राखेनं पांढरा पडलेला अश्विनचा बूट नळीवर आणि तिच्या दोन बोटांवर एकदमच आला. ती किंचाळली. त्यानं टाच फिरवली. नळी फुटली. गुलाबी तुकडा फरशीला फासला गेला.

सकाळपासून बाकावर मुकाट बसलेली प्रेमिला उठली. रविंद्रची बायको. तिनं अश्विनची कॉलर धरली आणि तोंडात लगावली. एक. दोन. तिसरीला त्याच्या ओठांतून काळपट लाल थुंकी उडाली, सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचा चोथा तिच्या मनगटावर आला.

प्रेमिलानं मनगटाकडं पाहिलं.

"त्याचा जबडा कापून राहिले आत," ती म्हणाली. "अन् तू इथं खर्रा कोंबून उभा?"

तिनं त्याला भिंतीवर रेटलं, कोपर गळ्यावर दाबलं. एवढा धट्टाकट्टा गडी, पण त्यानं हात उचलला नाही.

"काढ! उघड तोंड!"

तिनं बोटं त्याच्या तोंडात खुपसली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. तिनं जोर लावला, हिरडीतून रक्त आलं, तो गुरासारखा ओरडला.

ओठ पुसता पुसता दीप्तीचा हात थांबला. रविंद्रच्या पहिल्या केसपेपरवर हीच नोंद होती: तोंड दोनच बोटं उघडते.

"पुरं उघड ना रे!" प्रेमिला ओरडली.

"एवढंच उघडते, वैनी," तिच्या बोटांआडून अश्विन म्हणाला. "दिवाळीपासून."