साखराबाईचा डावा कान

साखराबाईचा डावा कान लहानपणापासून वाहायचा, त्यातून काही ऐकू यायचं नाही. नवरा सटवा मेंढरांमागे हिंडणारा गडी, बायकोचं कौतुक तोंडावर करणं त्याला जमेना. म्हणून तो रोज तिच्या डाव्या बाजूला जेवायला बसायचा आणि मनातलं त्या बहिऱ्या कानात पुटपुटायचा. माणूस पक्का हिशोबी. प्रेम केलं, पण पुरावा ठेवला नाही.

यंदा बीडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कानातलं किडलेलं हाड काढून तिथं कारखान्यात घडवलेलं हाड बसवलं.

पट्टी निघाली त्या दुपारी नेकनूरच्या घरी भाकरी थापता थापता साखराबाई हसली. "माज्या हाताला साखर हाय म्हनं. लगीन झालं तवा बोललावता ना?"

सटव्याचा घास हातातच राहिला. "तुला कसं कळलं गं?"

"नवा कान सांगतोय. पयल्यापासून, वळीनं."

"आगं, ते हाड तर कोरं हाय! त्याला काय ठावं?"

"ते तुमी डाक्टरला इचारा. पर लई गोड बोलता हां."

पुढं रोज जेवताना ती जुनं एकेक वाक्य सांगायची आणि सटवा लाजून ताटात बघायचा. शेवटी गाडी ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत आली.

"संपलं एकदाचं," सटवा म्हणाला.

"न्हाई, आजून एक हाय. रडत बोलताय. 'साखरे, ऊठ की. मेंढरं खोळंबलीत तुज्यासाठी.' हे कवा बोललावता वो?"

हे सटवा अजून बोललाच नव्हता.

तो ताट घेऊन उठला आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला.